नारळाची शेंडी आणि खारं पाणी

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय फोनवर सांगितला : ‘आपल्या गावात पिकत नाही, पण त्याच्यावाचून चालत नाही, अशी एखादी वस्तू.’ मी म्हटलं, नारळ घेतो. ‘चांगलं आहे,’ ते म्हणाले, ‘पण वऱ्हाडात नारळावर काय लिहिणार?’ मी म्हटलं, आतल्या खोबऱ्यावर नाहीच लिहिणार. वरच्या शेंडीवर लिहितो.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

वऱ्हाडात नारळाला जेवढा मान आहे, तेवढीच त्याच्या शेंडीची हेळसांड. मोटारसायकल घेतली की नारळ, बोअरला पाणी लागलं की नारळ, पाहुण्याच्या सत्काराला नारळ. तो फुटला की खोबरं वाटलं जातं, पाणी लेकरं पितात आणि शेंडी ओट्याखाली जाते. आमची आजी ती चुलीमागच्या कोनाड्यात जपून ठेवायची. राख आणि शेंडी, एवढ्यावर घरातली सगळी पितळ लखलखायची. पुढे साबणाची वडी आली, तारेची घासणी आली आणि कोनाडा रिकामा झाला. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही’ ही म्हण आम्ही उठता-बसता वापरतो. सुंभ म्हणजे काथ्याची दोरी हे मात्र आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसतं, आणि ती वळताना तर कोणीच पाहिलेली नसते.

भातकुलीला गेलो ते याच शेंडीच्या मागावर. अमरावतीहून अर्ध्या तासाचा रस्ता. गावात आदिनाथ स्वामींचं जुनं जैन तीर्थ आहे, जवळून पेढी नदी वाहते, तालुक्यातच पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. तिथं पौषातल्या रविवारी यात्रा भरते आणि नारळांची रास लागते. गाडगेबाबांनी घाट बांधला तोही तिथंच. मात्र साऱ्या तालुक्यात नारळाच्या बागेचं नाव नाही.

ट्रेमधली मिरची

जूनचा पहिला आठवडा. गावाबाहेर हिरव्या जाळीचं एक शेडनेट. आत पाऊल टाकलं की ऊन निम्म्यावर येतं आणि ओल्या भुशाचा वास येतो. मातीचा नाही, पावसात भिजलेल्या गोणपाटासारखा. चार बाया खाली मांडी घालून बसलेल्या, समोर काळे प्लास्टिकचे ट्रे. एका ट्रेला ९८ कप्पे. एकीनं कप्पे भुशानं भरायचे, दुसरीनं बोटाच्या पेरानं खळगा करायचा, तिसरीनं मिरचीचं एकेक बी सोडायचं, चौथीनं वरून चिमूटभर भुसा. गप्पा एका लग्नातल्या जेवणाच्या चालल्या होत्या, पण हात थांबत नव्हते.

मालक पस्तिशीचे. त्यांना नाव छापायचं नव्हतं, फोटोही नको होता. त्यांनी कोपऱ्यातून एक चौकोनी वीट उचलून माझ्या हातात दिली. पाच किलोची, कोरडी, तपकिरी, दाबून दगडासारखी केलेली. ती प्लास्टिकच्या टाक्यात ठेवली आणि वर पंचवीसेक लिटर पाणी ओतलं. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग कडा सुटल्या, वीट फुगली, भेगाळली आणि अर्ध्या तासात तिचा ढीग झाला. एका विटेपासून सत्तर लिटरच्या आसपास भुसा निघतो. यालाच बाजारात कोकोपीट म्हणतात.

नाव उसनं आहे. युरोपातल्या दलदलीत शेवाळ हजारो वर्षं अर्धवट कुजून जो थर साचतो, तो पीट. तिकडचे माळी कुंड्या-ट्रेमध्ये तोच वापरत आले. दलदली उपसून संपवायच्या नाहीत असं पुढे ठरत गेलं आणि त्या जागी नारळाचा भुसा आला. तोवर हा भुसा म्हणजे काथ्याच्या कारखान्यांची डोकेदुखी होती. सोडणातून, म्हणजे नारळाच्या वरच्या जाड सालीतून, एक किलो धागा काढला की जवळजवळ दोन किलो भुसा मागे उरतो. केरळात आणि तमिळनाडूत त्याचे डोंगर साचत. पेट घेतला तर विझत नसत, पावसात भिजले तर काळं पाणी सोडत. आज भारतातून काथ्याच्या ज्या वस्तू परदेशी जातात, त्यांत सगळ्यांत पुढे हा भुसाच आहे.

मातीनं काय बिघडवलं होतं, असं मी विचारलं.

‘कायी माती ट्रेत भरून पाहा,’ मालक म्हणाले, ‘वाळली का ढेकूय. रोप उपटलं का मुया तिथंच.’

खरं आहे. आमची काळी माती शेतात कापसाला पोसते, पण दोन इंचांच्या कप्प्यात ती आवळते आणि तडकते. कोकोपीट आपल्या वजनाच्या आठपट पाणी धरतं, तरी त्यात हवा खेळते. मुळांना दोन्ही लागतं. पेरलेले ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकनं झाकतात, आतल्या उबेत बी फुटलं की मांडतात. महिना-सव्वा महिन्यानं मिरचीचं रोप देठाला धरून वर ओढलं, तर मुळांनी विणलेला अख्खा गड्डा निघून येतो, एक मूळ तुटत नाही. शेतात लावल्यावर ते मान टाकत नाही. वांगी, टोमॅटो, कोबी, झेंडू यांचंही तसंच. कपाशीच्या नांग्या भरायलाही आता काहीजण ट्रेमधलं रोप मागतात.

बी टाकणाऱ्या बाईंनी मला मध्येच थांबवलं. ‘भाऊ, हे माती नोय, खत बी नोय. मंग याच्यात उगवते कसं?’

प्रश्न बरोबर होता. कोकोपीटमध्ये रोपाला खायला जवळजवळ काही नसतं. बी आपल्या शिदोरीवर फुटतं, दोन पानं काढतं, पुढचं सगळं विद्राव्य खतांतून वरून द्यावं लागतं. हा भुसा कुजतही नाही पटकन. त्यात सहज न कुजणारं लिग्निन भरपूर, आणि कर्ब-नत्राचं प्रमाण ११२ ला १ च्या घरात. तसाच शेतात टाकला तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र उसनं घेतात आणि पीक पिवळं पडतं. धिंगरी अळिंबीचं बियाणं आणि युरिया यांचे थर देऊन महिनाभर ठेवला, तर हे प्रमाण २४ ला १ वर येतं. तेव्हा त्याचं खत होतं. ‘कोकोपीट खत’ म्हणून कच्चा भुसा विकणाऱ्यांनी हा महिना खाऊन टाकलेला असतो.

संत्र्याच्या गावाची अडचण

भातकुलीच्या खाऱ्या मातीत संत्रं होत नाही. ते वर, मोर्शी-वरुडकडे. वरुड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट हे कलमांचं गाव. जंबेरीची, रंगपूर लाईमची पन्हेरी वाढवायची आणि तिच्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधायचा, हा तिथला पिढीजात हुन्नर. ही पन्हेरी वर्षानुवर्षं उघड्या जमिनीत वाढत आली आणि जमिनीबरोबर फायटोफ्थोरा हा रोगही घेऊन बागेत गेली. मुळं कुजतात, खोडातून डिंक गळतो, झाड काही वर्षांत बसतं. शेतकरी त्याला डिंक्या म्हणतो आणि बोर्डो पेस्ट लावत राहतो. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था जमिनीवरची पन्हेरी सोडून निर्जंतुक माध्यमात, ट्रे आणि पिशव्यांत कलमं करा, असं सांगत आली आहे. नारळाचा भुसा तिथं या कारणानं शिरतो. त्याचं मोठेपण एवढंच, की तो आपल्या मातीतला रोग आणत नाही. तो आणतो ते वेगळंच, आणि त्याची खरी झळ लागते ती भातकुलीत.

दूरचं मीठ, घरचं मीठ

नारळाचं झाड खाऱ्या वाऱ्यात वाढतं आणि पोटॅशियम व क्लोराइड भरपूर उचलतं. ते सोडणात साठतं. त्यात काथ्याची जुनी रीतच खाऱ्या पाण्याची. कोवळ्या नारळांची सोडणं बांधून केरळच्या खाडीत महिनोन् महिने कुजत घालायची, जिवाणूंनी धाग्यांमधला चिकटपणा खाल्ला की बाहेर काढून बडवायची. पांढरा काथ्या असा निघतो. कोकणातही खाडीच्या चिखलात सोडण पुरण्याची चाल होती. त्या पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. आता बराचसा भुसा सुक्या सोडणातून यंत्रानं निघतो, त्याला खाडी लागत नाही. तरी झाडानं आत साठवलेलं मीठ राहतंच.

हे मीठ कसं बसलेलं असतं ते एसटीच्या भाषेत सांगतो. भुशाच्या कणावर ऋणभाराच्या जागा असतात. त्या म्हणजे सीटा. सोडियम आणि पोटॅशियम आधी चढून रुमाल टाकून बसलेले. साध्या पाण्यानं धुतलं की मधल्या वाटेत उभे असलेले उतरतात, बसलेले हलत नाहीत. मग रोपवाल्यानं कॅल्शियमचं खत दिलं की ते आत शिरून सीट पटकावतं आणि उठवलेला सोडियम थेट मुळाशी जाऊन उभा राहतो. रोपाला कॅल्शियम मिळत नाही, वर मीठ मिळतं. कोवळ्या पानांच्या कडा जळतात. म्हणून चांगला माल बनवणारे तो कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात आधीच भिजत घालतात, सीटा रिकाम्या करून पुन्हा धुतात आणि मगच वाळवून विटा दाबतात.

एवढं ऐकल्यावर मालक हसले. ‘म्हंजे जिप्समच झालं हे.’

त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. भातकुली खारपाणपट्ट्यात येते. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांब आहे, तरी विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. इथल्या चिकणमातीच्या कणांवरही सोडियम बसलेला आहे. त्यामुळे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, सुटे होतात आणि मातीची भोकं बुजवतात. पाऊस पडला की पाणी वर तुंबतं, उघडला की जमीन सिमेंटसारखी आवळते आणि हात जाईल अशा भेगा पडतात. यावर कृषी विद्यापीठाची माणसं जिप्सम टाकायला सांगतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियमचंच मीठ. ते सोडियमला उठवतं. पण उठवलेल्याला गावाबाहेर घालवायला गोडं पाणी आणि निचरा, दोन्ही लागतं. नाहीतर तो पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वर येतो.

म्हणजे पाच किलोच्या विटेत आणि पाच एकरांच्या वावरात भांडण एकच आहे. विटेचं टाक्यात मिटतं, एवढाच फरक.

छपराचं पाणी

पहिल्या वर्षी मालकांनी विटा बोअरच्या पाण्यात फुगवल्या. मीठ धुवायला मीठच.

‘रोप आलं बी चांगलं. मंग कडा जयाल्या. मले वाटलं औषधानं जयाले. दुकानदार म्हणे बी खराब. बीवाला म्हणे भुसा खराब. भुसा कायचा खराब, पाणीच तसं.’

मला हे ऐकताना माझी गच्ची आठवली. अमरावतीत एका दुकानातून मी दोन विटा आणल्या होत्या, वर ‘धुतलेला’ असं छापलेलं. कढीपत्ता आणि दोन गुलाब त्यात लावले. महिन्याभरात गुलाबाच्या पानांना इस्तरीचा चटका बसल्यासारखी तपकिरी किनार आली. मी वर आणखी खत दिलं. व्हायचं ते झालं.

मालकांकडे आता पेनासारखं एक यंत्र आहे, पाण्यातले क्षार विजेच्या वहनावरून सांगणारं. त्याचा आकडा ते ‘ईसी’ म्हणून वाचतात. धुतलेल्या चांगल्या भुशाची ईसी ०.५ च्या खाली असावी लागते. न धुतलेल्याची दोनच्या वर सहज जाते. त्यांनी पेन बोअरच्या बादलीत बुडवलं तर आकडा तीनच्या पुढे सरकला. दुसऱ्या बादलीत बुडवलं तर शून्याला चिकटून राहिला. ही दुसरी बादली म्हणजे मागच्या पावसाळ्यात घराच्या पत्र्यावरून उतरवून साठवलेलं पाणी.

त्यांचा हिशेब मी वहीत मांडला. हजार चौरस फुटांचं छप्पर, वर्षाचा पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर. गळती, उडती, पहिल्या सरी वजा केल्या तरी पन्नास-साठ हजार लिटर पाणी उतरतं. एक वीट फुगवायला पंचवीस, मग दोन-तीनदा धुवायला आणखी शंभरेक लिटर. ट्रेला भिजलेलं साधारण सव्वा किलो कोकोपीट लागतं, म्हणजे एका विटेत वीसेक ट्रे, जवळजवळ दोन हजार रोपं. छपराच्या पाण्यात हंगाम निभतो, पण पिण्याला, जनावराला त्यातलं काही काढायचं नाही, अशी घरात ताकीद आहे. ‘बायको म्हंते, आम्ही खारं प्यायचं अन् तुमच्या भुशाले गोडं.’

शेततळी झाली आहेत. जागतिक बँकेच्या मदतीनं २०१८ पासून चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यातली ५,१४२ गावं घेतली होती, त्यात ९३२ गावं या खारपाणपट्ट्याची. शेततळं, तुषार, शेडनेट यांना अनुदान त्यातून मिळालं. शेडनेटचं अनुदान घेणारे पुष्कळ भेटतात, पण त्याच्या शेजारी गोड्या पाण्याची टाकी बांधणारे कमी. माझं मत विचाराल तर खारपाणपट्ट्यात शेडनेटच्या अर्जाला टाकीचा कागद जोडणं सक्तीचं करावं. जाळी सावली देईल, आकडा उतरवायचं काम तिचं नाही.

धागा कुठं जातो

भुशाची गोष्ट रंगली की धागा बाजूला पडतो, आणि मूळ धंदा तर त्याचाच. आलप्पुळ्यात जेम्स डॅरानं १८५९ मध्ये काथ्याच्या चटयांचा पहिला कारखाना काढला. काथ्या उद्योग कायदा १९५३ चा, त्यातून काथ्या मंडळ आलं, मुख्यालय कोचीला. काथ्यात चाळीस टक्क्यांहून जास्त लिग्निन असतं. म्हणून तो खाऱ्या पाण्यातही सहज कुजत नाही, आणि म्हणून गलबतांचे दोर त्याचेच असत.

वऱ्हाडात धागा आपल्याला दिसतो, पण ओळखू येत नाही. गणपतीच्या कारखान्यात प्लास्टरच्या मूर्तीचा उचललेला हात तुटू नये म्हणून आतून काथ्याचा पुंजका घालतात. घराचं छत सजवणारा पीओपीवाला पांढऱ्या लगद्यात हाच काथ्या बुचकळून पट्ट्या ओढतो. मोडल्या पायाच्या प्लास्टरला कापसाची पट्टी वापरतात, त्याच युक्तीचा हा भाऊ. रबराच्या चिकात भिजवून दाबलेला काथ्या गाद्यांत आणि वाहनांच्या बैठकीत बसतो. आतली करवंटी जाळून तिचा सक्रिय कोळसा होतो आणि पाणी गाळायच्या यंत्रात जातो. खारपाणपट्ट्यात गावोगाव आरओच्या पाण्याचे कॅन फिरतात, त्या यंत्रांतही असा कोळसा असतो. पण क्षार तो काढत नाही. तो वास, क्लोरीन, रंग धरतो. क्षार काढतो तो पडदा, आणि काढलेलं जास्त खारं पाणी मागच्या नालीत सोडून देतो. ते जिथं मुरतं तिथं काय होत असेल, याचा हिशेब कॅनवर छापलेला नसतो.

मला सगळ्यांत पटलेला उपयोग रस्त्याचा. वऱ्हाडातला खेड्याचा रस्ता काळ्या मातीवर बसतो. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि डांबराची पाठ मोडते. खडी खाली मातीत रुतत जाते. मधे काथ्याची विणलेली जाळी अंथरली, तर खडी आणि माती एकमेकींत मिसळत नाहीत, पाणी झिरपून बाहेर पडतं आणि खालची माती हळूहळू दाबून बसते. काही वर्षांनी जाळी कुजते, तोवर मातीचं बस्तान बसलेलं असतं. गंमत अशी, की इथं तिचं कुजणं हा दोष धरत नाहीत. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात २०२० मध्ये सात राज्यांतल्या १,६७४ किलोमीटर रस्त्यांना काथ्याची जाळी वापरायचं ठरलं. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ३२८ किलोमीटर होते. भातकुलीहून परतताना आमची गाडी ज्या रस्त्यावर बोटीसारखी डुलत होती, त्याखाली काय अंथरलं आहे ते खणल्याशिवाय कळणार नाही.

शहाळ्याची गाडी

अमरावतीत शिरताच पहिल्या चौकात शहाळेवाला. ट्रकनं माल दक्षिणेतून येतो. कोयत्याचे चार घाव, नळी, दोन मिनिटांत नारळ रिकामा. गाडीमागे हिरव्या सोडणांचा ढीग होता, त्यावर माश्या. संध्याकाळी तो कोणी उचलतं का, असं विचारलं तर त्यानं पालिकेच्या घंटागाडीकडे बोट दाखवलं आणि वर सांगितलं, की घंटागाडीवालाही कुरकुरतो, कारण जड असतं आणि दाबलं जात नाही.

मनात हिशेब आलाच : भुसा हजार किलोमीटरवरून विकत येतो आणि सोडणं इथं कचऱ्यात जातात. मग इथंच भुसा का काढू नये? ऐकायला छान. पण ओलं शहाळं म्हणजे बहुतांशी पाणी. ते कापून, चिरडून, धागा वेगळा करून वाळवायला यंत्र लागतं, जागा लागते आणि रोज पुरेल एवढा ढीग लागतो. उन्हाळ्यात ढीग असतो, दिवाळीनंतर नसतो. शिवाय निघालेला भुसा धुवायला परत गोडं पाणी. मोठ्या शहरात हे जमू शकतं. अमरावतीत मला तरी ते सध्या भाषणात जास्त आणि आवारात कमी जमणारं वाटतं. त्यापेक्षा साधं काम आहे : सुकलेली सोडणं उभी चिरून, आतली बाजू वर करून कुंडीच्या तळाशी किंवा पपई-शेवग्याच्या आळ्यात पुरावी. ओल धरतात, तण दाबतात. यंत्र नको, अनुदान नको. शहाळेवाल्यानं मला चार सोडणं फुकट दिली आणि वर बघत राहिला.

पहिली सर

जूनच्या शेवटी पुन्हा भातकुलीला गेलो. ट्रेंमध्ये मिरची दोन पानांवर होती. दुपारी पश्चिमेकडून आभाळ भरून आलं आणि मालक शेडनेट सोडून घराकडे पळाले. मला वाटलं वाळत घातलेलं काही काढायचं असेल. ते पत्र्याच्या पन्हाळीखाली उभे राहिले. पन्हाळीतून उतरणाऱ्या नळाचं तोंड त्यांनी नालीकडे वळवलं. सर आली. लाल-काळं, पानांचा चुरा घेऊन पाणी नालीत धो धो पडू लागलं. एवढं पाणी वाया चाललंय, असं मी म्हटलं.

‘हे छपराचं आंघोयीचं पाणी,’ ते म्हणाले. ‘हे नाई घ्यायचं.’

पंधरा मिनिटं गेली असतील. त्यांनी ओंजळीत पाणी धरून पाहिलं, मग खिशातलं पेन काढून त्यात बुडवलं. आकडा माझ्याकडे वळवून दाखवला, नळाचं तोंड टाकीकडे फिरवलं आणि आतून आवाज आला, ‘जी, एक घागर तरी घरात येऊ द्या.’

त्यांनी एक घागर भरून दाराशी ठेवली.